पत्र्यावरचं कुंकू

माय,

आज मंगळवार, मार्चचा मधला आठवडा. पहाटे भुरभुर पाऊस आला आणि उजाडल्यावर थांबला. सकाळच्या जीपने सेनगावहून गोरेगावला गेले, तिथून पुढच्या गावापर्यंत पायी, हळदीच्या खळ्यावर. दुपारपर्यंत तिथे गर्दी होती. कोणाला मार लागला नाही. दिवस मावळताना खोलीवर आले, भात टाकला, पण खाल्ला नाही. आजच्या दिवसाची नोंद एवढीच. पण कपाळ चुरचुरतंय, आणि ते का चुरचुरतंय हे तुझ्याशिवाय कोणाला सांगावं ते सुचत नाही.

तू गेलीस तेव्हा मी हिंगोलीला एका कचेरीत टायपिंग करत होते. आताचं माझं काम तुला माहीत नाही. आमच्या संस्थेच्या कागदांवर त्याला 'स्थलांतरित कुटुंबांसाठी हवामान कार्यशाळा' म्हणतात. ज्यांच्यासाठी ते आहे त्या बायका त्याला 'दीदी की बैठक' म्हणतात. आपल्याकडची माणसं ऊस तोडायला आणि पुण्याच्या बांधकामांवर जातात ते तू पाहिलेलंच आहेस. आता आपल्याकडेही माणसं येतात. मध्य प्रदेशातल्या डोंगरातली ही कुटुंबं संक्रांतीच्या सुमाराला हळद काढायला येतात, मग ती शिजवतात, वाळवतात, पॉलिश करून पोत्यात भरतात आणि उन्हाळ्यात निघून जातात. राहायला खळ्याच्या कडेलाच पत्र्याच्या खोपट्या असतात. एका बाजूला हळद शिजवायच्या कढईची भट्टी, दुसऱ्या बाजूला हळकुंडं घासायचा पॉलिशचा ढोल, आणि वरून ऊन. हल्ली फेब्रुवारीतच असं ऊन पडतं की दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. तिथे राहणाऱ्यांनी उन्हापासून कसं वाचावं, चुलीचा धूर कसा कमी करावा, पाणी कसं राखावं, हे मी शिकवते. निदान शिकवावं असं ठरलेलं आहे.

पहिल्या बैठकीत मी संस्थेने दिलेला मोठा तक्ता टांगला होता. त्यावर पृथ्वीचं चित्र, तिच्या तोंडात तापमापक, डोक्यावर ओली पट्टी. समोर बायका बसलेल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, हडकुळी, कपाळ रिकामं, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. तिने विचारलं, "इसको बुखार है क्या, दीदी?" मी हो म्हणाले. "तो इसको छाँव में सुलाओ ना. हमको क्यों धूप में बिठाया?" सगळ्या हसल्या. मी तक्ता गुंडाळला आणि आम्ही कडुलिंबाखाली जाऊन बसलो. तो तक्ता मी पुन्हा नेला नाही. त्यानंतर ज्या गोष्टी झाल्या त्या कामाच्या झाल्या. ओलं पोतं माठाला कसं गुंडाळायचं, चूल खोपटीबाहेर कुठे मांडायची, काम पहाटे उरकून दुपारी थांबू द्या हे मालकाला कोणी सांगायचं. शेवटचं मलाच सांगावं लागलं. मला मोठ्या माणसांशी बोलायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. पण सांगितलं, आणि मालकाने ऐकलंही.

म्हातारीच्या सुनेला नववा महिना लागलाय. गेल्या आठवड्यात ती दुपारी खोपटीत घेरी येऊन पडली. दवाखान्यात नाव घातलेलं आहे, पण सासू बरोबर नसेल तर ती जीपमध्येसुद्धा बसत नाही. बायकांनी मला विचारलं, आता काय करायचं? मी प्रशिक्षणात शिकलेलं सांगितलं. पत्र्याला वरून चुना फासला तर ऊन परतून जातं आणि आत बराच थंडावा राहतो. मी चुना आणून दिला. परवा संध्याकाळी त्यांनी केरसुण्यांनी सगळ्या खोपट्यांचे पत्रे रंगवले. म्हातारीने कोणाचं ऐकलं नाही, आपल्या खोपटीवर ती स्वतः चढली. वर बसून काहीतरी गुणगुणत होती. खाली उतरल्यावर तिने पत्र्याच्या कडेखाली, दाराच्या वरच्या लाकडी पट्टीवर चुन्याचा पंजा उमटवला. त्यांच्याकडे घर लिपलं की असा थापा देतात म्हणे. काल दुपारी मी आत बसून पाहिलं, खरंच गार होतं. सून भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. मला फार बरं वाटलं, माय. कित्येक वर्षांत आपण केलेल्या कामाचं असं बरं वाटलं नव्हतं.

आज जीपमध्ये बसल्यावर ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, त्या हळदीच्या खळ्यावर जाऊन राहिल्या का?"

"हो. का?"

"आज नका जाऊ. तिथं पत्र्यातून रगत गळून राहिलं म्हणते."

शेजारच्या बाईने माझ्या बाजूला ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. 

खळ्यापाशी पोचले तर अर्धं गाव तिथे. वाळत घातलेल्या हळदीवर ताडपत्र्या ओढलेल्या होत्या, पण कडेची हळद भिजलेली दिसत होती. आणि पलीकडे खोपट्या. काल दुधासारखे पांढरे होते ते पत्रे लाल झाले होते. सगळीकडे सारखे लाल असते तर रंग वाटला असता. ओघळ होते, डाग होते, आणि कडेवरून थेंब थेंब लाल पाणी खालच्या चिखलात पडत होतं. म्हातारीच्या दारावरचा पंजा तर असा लाल झाला होता की मीही जागच्या जागी थांबले. म्हातारी त्याच दारात उकिडवी बसलेली. तिचा मुलगा मुकादमाबरोबर दुसऱ्या शेतावर गेलेला. सून आत होती, तिचे फक्त पाय दिसत होते.

मालक माणूस वाईट नाही. पण पहाटेपासून तो ताडपत्र्या ओढत होता, डोळे लाल झाले होते, आणि भिजलेली हळद काळी पडणार हे त्याला दिसत होतं. तो माझ्याजवळ आला. "म्याडम, तुमी काय लावाय लावलं होतं ह्यायला?"

"चुना."

"चुना पांढरा असते."

"चुना लावला म्हणते!" मागून एकजण ओरडला. तो मोटारसायकलवर बसलेला होता आणि शेवटपर्यंत खाली उतरला नाही. "चुना तर आमाला लावला. परवा सांजच्याला म्हातारी वर चढून पुटपुटत होती, म्या सोता पायलं. कायतरी शिपडत होती. अन् आज पाऊस. मार्च महिन्यात पाऊस कवा पडते का? भानामती हाय ही."

तो शब्द निघाला आणि माणसं जरा मागे सरली, पण गेली कोणीच नाही. भानामती. लहानपणी आपल्या गावी, साखऱ्यात, हा शब्द कोणी काढला की तू मला घरात घ्यायचीस, आठवतं? कोणी म्हणालं जाणत्याला बोलवा. कोणी म्हणालं, मारुतीच्या पाराकडे न्या, तिथं कबूल करील. एक बाई, लेकुरवाळी बाई माय, अगदी शांतपणे म्हणाली, "केस कापले का उतरते." मी म्हणाले, असं करता येत नाही, कायदा आहे. मोटारसायकलवाला म्हणाला, "कायदा तुमच्या सेनगावला." हातात फोन होता. पोलिसांना यायला किती वेळ लागेल, ते येऊन गेल्यावर या खोपट्यांत रात्री कोण असेल, हे मनात आलं आणि फोन हातातच राहिला. म्हातारीला इथून हाकललं असतं तर सून तिच्यामागे निघाली असती, नवव्या महिन्यात, पायी. नाही निघाली तर एकटी मागे राहिली असती. आणि हाकलणं हा तर त्यातला बरा प्रकार होता. दोन माणसं म्हातारीच्या दाराकडे सरकली. ती उठली नाही. तिने फक्त डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

आणि तेव्हा मला तुझे हात दिसले.

आपलं साखऱ्याचं स्वयंपाकघर. चुलीच्या अंगाला तू मांडी घालून बसली आहेस, समोर पितळी परात, परातीत वस्त्रगाळ हळद. एका वाटीत चुन्याची निवळी. मी बाहेरून खेळून येते, उन्हातून अंधारात, आणि पाहते तर तुझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. मी किंचाळते. परसातले दादा धावत येतात. तू आधी घाबरतेस, मग मला पाहतेस आणि असं हसतेस की तुला ठसका लागतो. मग एकदम रागावतेस. "आगं, आधी जवळ येऊन पाय तरी! लांबून बोंबलायला काय लागतं?" मला ओढून मांडीवर घेतेस, माझं बोट पिवळ्या पुडीत बुडवतेस, मग निवळीत. बोट लाल होतं. मी पुन्हा करते, पुन्हा लाल. "आंबट हात लावू नको बरं," तू म्हणतेस, "लिंबाचं काही लागलं का परत पिवळं पडते." गल्लीतल्या सगळ्या बायका तुझ्याच हातचं कुंकू न्यायच्या. बाजारातलं खाजतं म्हणायच्या.

पॉलिशचा ढोल खोपट्यांच्या अगदी जवळ आहे. दोन दिवस तो फिरत होता, हळदीची पिवळी धूळ सगळीकडे बसत होती, माझ्या डोक्यात, वहीवर, चहात. वाळलेल्या चुन्यावरही ती बसलीच असणार. पहाटे वरून पाणी पडलं. बस, इतकंच झालं होतं. तुझी परात पत्र्यावर उलटी झाली होती, आणि ती मीच उलटी केली होती. चुना मी आणला. ढोल कुठे आहे ते मी रोज पाहत होते. ज्या घरात हळदीचं कुंकू व्हायचं त्या घरात मी वाढले, आणि हळदीच्या खळ्यावर चुना फासताना मला काही आठवलं नाही.

मी म्हणाले, "हळद आहे ती." कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. माझा आवाज तुला माहीत आहे, शाळेतही बाई म्हणायच्या, पोटातून बोल. मग मी बोलायचं सोडलं. ताडपत्रीखालून एक हळकुंड काढलं, खोपटीसमोरच्या दगडावर पाण्यात उगाळलं, उरलेल्या चुन्याच्या डब्यात बोट घातलं आणि त्यावर फिरवलं. दगड लाल झाला. जवळची माणसं वाकून पाहू लागली.

"आमच्या घरी हळद पिकते," मोटारसायकलवाला म्हणाला. "पिढ्या गेल्या. कवा लाल न्हाई झाली. ही आमाला शिकवून राहिली."

मालकाची बायको गर्दीच्या कडेला उभी होती. तिच्याशी माझं आधी फारसं बोलणं नव्हतं. येता-जाता चहा द्यायची, एवढंच. मी तिच्याकडे वळले. "वहिनी, कपड्याचा साबण आहे का?" ती विहिरीवर गेली आणि निळी वडी घेऊन आली. मग मी असं काही केलं की तू असतीस तर पदर तोंडाला लावला असतास. मालकाच्या अंगात बनियन होतं, पहाटेपासूनच्या हळदीने पिवळंधमक. मी म्हणाले, "भाऊ, जरा पुढे या," आणि त्याच्या बनियनचं टोक धरून, ओलं करून त्यावर वडी घासली. ते लाल झालं. पोटावर, सगळ्या गावासमोर. तो आधी पोटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. कोणीतरी मागे खुदकन हसलं.

"अवो, मी रोज ह्यांचे बनियन धुते," वहिनी एकदम मोठ्याने म्हणाल्या. "रोज मोरी लाल व्हते. मंग मी बी भानामती करते का? सांगा की! पंधरा वर्सं झाले करून राहिले मी भानामती, कोणाला पत्ताच न्हाई!"

आता बायका हसल्या. मोठ्याने हसल्या. ज्या बाईने केस कापायचं म्हटलं होतं तीही हसली. हळदीच्या गावात राहणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताखाली हे झालेलं होतं, रोज होत होतं. पण ते मोरीत होतं. पत्र्यावर, पहाटे, परक्या माणसांच्या दारावर पाहिलं आणि सगळे ते एकदम विसरले. मी हसणाऱ्यांना नावं ठेवत नाही. मीही त्या पंजाकडे पाहून थांबलेच होते.

पण माणसाला मागे हटायला जागा लागते, आणि मोटारसायकलवाल्याला ती मिळत नव्हती. "बनियनचं व्हय," तो म्हणाला. "मंग ह्या पंजाचं काय? पंजा कोण मारते असा? पुटपुटली काय ते तर सांगू द्या तिला." हसू थांबलं. पुन्हा सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. मी तिला हिंदीत विचारलं, वर बसून काय म्हणत होतीस? ती बोलली नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. माझ्याजवळ आता दाखवायला काही उरलं नव्हतं. लिंबू आणायला सांगावं, लाल परत पिवळं करून दाखवावं, असं मनात आलं. पण मला दिसत होतं की गोष्ट आता रंगाची राहिली नाही.

वहिनी खोपटीकडे चालत गेल्या. पत्र्याच्या कडेला लोंबणारा लाल थेंब त्यांनी अनामिकेवर घेतला आणि आपल्या कपाळावर लावला. आधीच्या टिकलीच्या वर, चांगला ठळक. गर्दीकडे वळून म्हणाल्या, "कुंकू हाय हे. घरच्या हळदीचं. आता बोला कोणाला काय बोलायचं ते." आणि मग नवऱ्याकडे पाहून, "तुमी बी बोला."

मालकाने बनियनचं लाल टोक खाली ओढलं.  सवाष्णीच्या कपाळावर लागलेल्या गोष्टीला आता रक्त कोण म्हणणार? मोटारसायकल सुरू झाली, थोडी घरघरली आणि निघून गेली. तिच्यामागे एकेक करून माणसं पांगली. मालकाने भट्टीवरच्या माणसाला ओरडून सांगितलं, ढोल उचलून विहिरीपलीकडे न्या.

वहिनींना त्यातून जोर आला असावा. त्या आत गेल्या आणि सुनेला कुंकू लावलं. बाहेर आल्या, उभ्या असलेल्या इतर बायकांना लावलं. त्या बायका बावरून उभ्या राहिल्या, एकीने वाकून त्यांचे पाय धरले. मग माझ्याकडे आल्या आणि क्षणभर थांबल्या. माझ्या गळ्याकडे, हाताकडे पाहिलं. गळ्यात काही नाही, हातात घड्याळ. "तुमी...?" "लग्न नाही केलं," मी म्हणाले. "मंग चालते," त्या म्हणाल्या आणि बोट टेकवलं. बोट गार होतं. चुना थोडा चुरचुरला.

मग त्या म्हातारीसमोरून पुढे गेल्या. वाईट हेतूने नाही. विचार करून सुद्धा नाही. जशी सगळी जातात तशा. म्हातारीने त्या आधीच तोंड फिरवलं होतं, पदर पुढे घेऊन, बोट आपल्याकडे येणार नाही हे बोटवालीला अवघड होऊ नये अशा बेताने. ते फिरवणं मी ओळखलं, माय. दादा गेले आणि तुझं कपाळ मोकळं झालं त्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, तू नेहमीसारखी परात घेऊन बसलीस. नेहमीएवढं कुंकू केलंस. गल्लीतलं कोणी आलं नाही. शेजारच्या काकू तेवढ्या आल्या, दारात उभ्या राहिल्या, ताक मागितलं, परातीकडे पाहिलं आणि ताक घेऊन गेल्या. त्या परातीकडे पाहत होत्या तेवढा वेळ तू चुलीकडे तोंड करून लाकडं सारत होतीस. चूल पेटलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तू गोठ्यात होतीस. दोन्ही बैलांची शिंगं लाल, कपाळं लाल, पाठीवर लाल थापे. मी विचारलं, "आज पोळा आहे का?" तू म्हणालीस, "न्हाई. पण ह्यायला चालते." त्यानंतर परात फक्त पीठ मळायला निघाली.

दुपारी माणसं गेल्यावर म्हातारी उठली. तांब्याभर पाणी आणि चिंधी घेऊन तिने दारावरचा पंजा पुसायला घेतला. मी पाणी आणून देत होते. पत्रेही धुऊन काढायचे का, असं मी विचारलं. ती पुसत राहिली. मग म्हणाली, "धूप से डर नहीं लगता, दीदी. लोगों से लगता है." थोड्या वेळाने आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पर बहू को दोपहर में नींद आने लगी है. रहने दो." पंजा पूर्ण गेला नाही. लाकडात पाच बोटं फिकी दिसत राहिली. तिने त्यावर चिखल फासला.

मुलगा आल्यावर त्यांच्यात बोलणं झालं. तो म्हणत होता, आज रात्रीच निघू. म्हातारी म्हणाली, बाळ झाल्यावर. तेवढ्यात मालक आला, अंगात तेच लाल टोकाचं बनियन, आणि म्हणाला, आज मी खळ्यावर झोपतो, कोण येते पाहू. झोपला असेल. रात्री मोटारसायकल परत आली असेल की नाही, मला इथून कळायला मार्ग नाही. उद्या पहिल्या जीपने जाते. खोपटीत माणसं असली म्हणजे झालं. बैठक घ्यायची की नाही ते तिथे गेल्यावर पाहीन. तुला खरं सांगते, इतक्या बैठका घेतल्या, उन्हाबद्दल, पाण्याबद्दल, धुराबद्दल बोलले. परक्या गावात माणसाला माणसाची भीती वाटते हे मला माहीत होतं, पण ते माझ्या विषयात येत नाही असं मी धरून चालले होते.

एक राहिलं. ते लिहायलाच बहुतेक बसले होते.

निघताना वहिनी मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. कपाळावरचं कुंकू वाळून त्यांच्या भुवईवर पडलं होतं. म्हणाल्या, "ताई, माझ्या ध्यानात साबणाचं तुमच्यामुळं आलं. पण हळदीत चुना घालायचं तुमाला कोणं शिकवलं? आता कोणी घरी करत न्हाई." सांगायला अगदी सोपं होतं. रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. माझ्या आईने, एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, आई काय करते, वडील आहेत का. आणि मला तू त्या कोणी न नेलेल्या कुंकवाच्या परातीपाशी दिसलीस, आणि त्यांचं बोट नुकतंच माझ्या कपाळावरून गेलं होतं. मी म्हणाले, "शाळेत."

त्या म्हणाल्या, "शाळा पायजेच," आणि परत फिरल्या.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं. तरी लिहिलं. उद्या त्या भेटतील तेव्हा बोलणं पुन्हा तिथे येईल की नाही, आणि आलं तर मी काय म्हणेन, ते आज लिहीत नाही.

भात गार झाला आहे. आधी मोरीत जाऊन कपाळ धुते, साबण लावून, मग तो पुन्हा गरम करते.